राहती खोली

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू नेहमीसारखं बरं आहे म्हणालीस आणि ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. फोनवर तुला सुटता येतं. पत्राला मात्र पानभर उत्तर द्यावंच लागतं, अर्धा कागद कोरा पाठवणं तुझ्या शिस्तीत बसत नाही.

बातमी मोठी आहे, तेव्हा हातातलं काम खाली ठेव. आम्ही दोघं तिकडे राहायला येतोय, कायमचं. तू एकटी आहेस म्हणून येतोय असं लिहिलं तर तू दार लावून घेशील. म्हणून कारण असं लिहितो की इतकी वर्षं परमुलखातल्या लिफ्ट दुरुस्त करून माझाच जीव वरखाली व्हायला लागलाय. हिलाही इथे आता कुणी उरलेलं नाही. वडील गेल्यापासून ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि घरी येऊन माझं तोंड बघते. दोन्हीत फारसं सुख नाही, असं तिचंच म्हणणं आहे. तिकडे जाऊ या हे आधी तीच म्हणाली.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते ऐक. माझ्यासाठी तो माझा देश, पण हिच्यासाठी परदेश. नवरा म्हणून मी हमीदार व्हायचं, मग तिला तिथे राहायचा व्हिसा मिळायचा. पण हमीदार स्वतःच बाहेर राहतोय. म्हणून कचेरी म्हणते की आधी तुमचं घर खरंच इकडे आहे आणि तुम्ही परत येऊन तिथेच राहणार आहात, हे आम्हाला दिसू द्या. त्यांचंही चुकत नाही. मी आपल्या घराचा पत्ता दिलाय आणि मागची माझी खोली आमची म्हणून लिहिलीय. कुणीतरी तपासनीस येऊन बघून जाईल.

तुला काय सांगायचं म्हणा. खोली लावण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. त्या हॉटेलाचा सगळा तिसरा मजला तुझ्या जिवावर चालतो. तेव्हा खोली जरा नीट दाखव, एवढंच. हिचा नमस्कार. ती माझ्याकडे मराठी गिरवते आणि तिचं अक्षर आत्ताच माझ्यापेक्षा बरं आहे.

लोभ आहेच, पण सामानासकट येतोय तेव्हा थोडा वाढवून ठेव.

तुझा,
ठोंब्या

*

२ मार्च

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

पत्र मिळालं. आनंद झाला असं लिहिते, कारण झाला. वाचलं, घडी घातली, परत उघडलं. एवढं पुरे, जास्त लिहिलं तर डोक्यावर बसशील.

तपासनीस बाई मंगळवारी येऊन गेल्या. आधी कळवलं होतं, म्हणून मी रजा काढून कंबर कसली. तुझी खोली म्हणजे नुसता उकिरडा होता रे. भिंतीवर तू ठोकलेले खिळे, खिडकीत फोडलेल्या रेडिओंचे सुटे भाग, आणि टेबलावर शाळेत असताना चाकूनं कोरलेलं तुझ्या नावाचं ते अक्षर, ज्यापायी आईचा मार खाल्लास. खिळे उपटले, भोकं बुजवली, भिंतींना रंग दिला. टेबल कानशीनं आणि मग पॉलिश कागदानं घासून अक्षर पार काढलं. सुटे भाग, जुने बूट, ती लोकरीची टोपी, सगळं खोक्यात बांधून माळ्यावर टाकलं. पलंगावर नवी चादर ताणली. सुरकुती शोधूनही सापडणार नाही.

आमच्या कामाचा पहिला नियम तुला ठाऊक आहे. खोलीत आधी कुणी राहून गेलं याची खूण राहता कामा नये. उशीवर एक केस सापडला तरी तो ठपका माझ्यावर. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. तुझी खोली अगदी तशी झाली.

बाई भल्या वाटल्या. दारात बराच वेळ उभ्या होत्या. तुझं सामान कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, काळजी नको, एक वस्तू इकडची तिकडे दिसायची नाही. कपाट उघडून बघितलं, तर मी सांगितलं की आतूनही पुसलंय. मग म्हणाल्या, तुमची खोली बघू. ती तर काय, रोजच लावलेली असते. ती बघून त्यांनी विचारलं की तुम्ही झोपता कुठे. मला हसूच आलं. मी म्हटलं, इथेच की. स्वयंपाकघरात माझा कप घासून पालथा घातला होता. तो त्यांनी उचलून पाहिला आणि काहीतरी टिपून घेतलं. स्वच्छतेबद्दल चांगला शेरा असणार.

चष्मेवालीला माझे आशीर्वाद. तिच्या आवडीचा रंग कळव, पडदे शिवायला घ्यायचेत.

लोभ आहे तितका आहे, उतू जाऊ द्यायची आपली पद्धत नाही.

तुझी,
ताई

*

६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

अर्ज नामंजूर झाला. कारण तुझ्याच शब्दांत सांगता येईल, खोलीत कुणी राहून गेल्याची खूण सापडली नाही. कचेरी म्हणते, दाखवलेली खोली राहती नाही, आणि हमीदाराचा त्या घराशी काही संबंध असल्याचं दिसून आलं नाही.

मी रागावलोय आणि ते लपवत नाही. ते खिळे राहिले असते, टेबलावरचं अक्षर राहिलं असतं, तर तेवढ्यावर निभावलं असतं. पण निम्मी चूक माझी. खोली नीट दाखव हे मी कुणाला लिहावं, तर तुला. ही आधी हसली, मग आत जाऊन रडली. तू विचारलेला पडद्यांचा रंग तिनं ठरवून ठेवला होता.

ताई, शेऱ्यात आणखी एक ओळ आहे. लिहू की नको असं माझं बरेच दिवस चाललं होतं. त्या बाईंनी लिहिलंय की या घरात एक स्त्री राहत असल्याचं सांगितलं गेलं, परंतु तिच्या राहण्याच्याही खुणा फारशा आढळल्या नाहीत. हे वाचल्यापासून मला व्हिसाचं काही सुचत नाही. तू कुठे राहतेस, ताई? बरं आहे म्हणतेस ते कुठल्या खोलीतून म्हणतेस?

हमीदार स्वतः येऊन तिथे राहू लागला तर अर्ज नव्यानं करता येतो. तेव्हा मी एकटा पुढे येतोय आणि हिला इथे ठेवून येतोय. एकत्र राहता यावं म्हणून आधी वेगळं राहायचं. ज्यानं हा नियम केला त्याचं लग्न झालेलं नसावं. ही म्हणाली, जा. एवढंच म्हणाली, आणि भिंगं घासायला गेली.

लोभ आहे, रागासकट.

तुझा,
ठोंब्या

*

२५ एप्रिल

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ.

तुझा राग रास्त आहे. तुमच्या बेतावर मीच बोळा फिरवला, आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. अति तिथे माती हे मी दुसऱ्यांना सांगत आले.

कुठे राहते असं विचारलंस. सांगते, कागदावर तोंड दिसत नाही म्हणून. आई गेल्यावर तिची काठी, तिचा चष्मा, ते अर्धवट विणलेलं, सगळं जागच्या जागी होतं आणि घर खायला उठायचं. मग मी ठरवलं की सकाळी निघताना सगळं घर हॉटेलातल्या खोलीसारखं लावून निघायचं. संध्याकाळी दार उघडलं की इथून कुणी गेलंय असं वाटायला नको. जेवण ओट्याशी उभ्यानंच होतं. कप एकच बाहेर ठेवते, कारण दुसरा दिसला की तो कुणाचा असा प्रश्न पडतो. वाईट चाललं नव्हतं रे. त्या बाईंनी लिहीपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही. मला एकटं वाटतं. हे वाक्य लिहून बघितलं, आता खोडत नाही.

माळ्यावरून खोकं उतरवलं. तुझे सुटे भाग खिडकीत परत मांडले, बघते तर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लागलेले. विस्कटले तर तेही मोजून विस्कटल्यासारखे दिसले. एक बूट आडवा टाकून कामावर गेले आणि घरी आल्यावर अंगावरचा कोट काढायच्या आधी तो सरळ केला. पसारा मला जमत नाही. तो तूच येऊन कर. टेबलावरचं अक्षर मात्र आता परत यायचं नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं.

चष्मेवालीला सांग की तिचा नवरा मी उसना घेतेय. उसनं ठेवून घ्यायची मला सवय नाही.

लोभ होता, आहे, आणि यापुढे बोलूनही दाखवीन म्हणते.

तुझी,
ताई

*

१२ जून

ती. वन्सं यांना,

शि. सा. न. वि. वि. ही अक्षरं यांनी मला पहिल्या धड्यात शिकवली आणि म्हणाले, ताईला पत्र यांच्याशिवाय पोचतच नाही. मी मराठीत पहिल्यांदाच कुणाला लिहिते आहे. चुका पोटात घाला.

हे तिकडे येऊन महिना झाला. इथे घर फार नीट आहे. मला ते आवडत नाही. हे आंघोळीनंतर ओला टॉवेल दारावर टाकतात. दोरी आहे, खुंटी आहे, तरी दारावरच. लग्न झाल्यापासून मी त्यावरून भांडले. आता दारावर टॉवेल नाही आणि मी येताजाता त्या दाराकडे बघते. दुकानात मी लोकांना दूरचं दिसायला चष्मा बनवून देते. त्या चष्म्यातून मला तुमचं घर दिसत नाही, हा विनोद मी आज तयार केला. कुणाला सांगायला नाही म्हणून तुम्हाला सांगितला.

मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. हे कसे राहतात ते मी लिहिते, म्हणजे तुम्हाला समजेल. खिशातले वायसर आणि स्क्रू हे बशीत काढतात. चहा अर्धा पितात आणि कप जिथे आठवण झाली तिथे ठेवतात. खुर्ची बसायला नसते, पँट ठेवायला असते. उशी रोज खाली पडते. कृपा करून आवरू नका. तुम्हाला त्रास होईल हे मला माहीत आहे. पण त्या बाई परत येतील तेव्हा हे सगळं तिथे असायला हवं. आणि खरं सांगते, बाई आल्या नाहीत तरी हे सगळं कुठेतरी आहे असं मला वाटायला हवं.

रविवारी फोनवर हे खूप बोलतात आणि मी बरं आहे म्हणते. हे मी तुमच्याकडून शिकले असं ते म्हणाले.

माझ्यावर लोभ करा. मी अजून तुम्हाला भेटलेली नाही, तरी करा.

तुमची,
चष्मेवाली

*

३० जुलै

चि. सौ. चष्मेवालीस,

अ. उ. आ.

तुझ्या पत्रात चुका नाहीत, नाव ठेवायला जागाच ठेवली नाहीस. नणंदेला एवढंही सुख देऊ नये म्हणजे कमाल झाली.

तुझ्या नवऱ्याचं तू लिहिलंस ते कमीच लिहिलंस. काल माझ्या चहाच्या कपात तळाशी वायसर निघाला. खुर्चीवर पँट, पँटवर सदरा आणि सदऱ्यावर तुझा ठोंब्या बसलेला. मी दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या लावते आणि संध्याकाळी घरी येऊन हाताची घडी घालून बसते. घडी सोडली की हात कामाला लागतात. आमची रोज भांडणं होतात. घरात आवाज असतो, हे मला सहन होतं इतकंच आत्ता लिहिते.

त्यालाही सोपं जात नाही. इथे त्याला लिफ्टचं काम लगेच मिळालं. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करतो आणि संध्याकाळी स्वतः बंद पडून बसतो. तू दिलेला तुझा जुना चष्मा टेबलावर उघडा ठेवतो, आणि तिथे अर्धा कप चहा ठेवला तरी चष्म्याला धक्का लागू देत नाही.

नवा अर्ज गेलाच होता. काल त्या बाई आल्या, त्याच, आणि या वेळी न कळवता. ठोंब्या कामावर होता, माझी सुट्टी होती. मी दार उघडून वळले तर समोर आतल्या दारावर ओला टॉवेल. माझा हात पुढे गेला. खरं सांगते, गेला. मग तुझं पत्र आठवलं आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिले. बाईंनी बशीतले स्क्रू बघितले, खाली पडलेली उशी ओलांडली. चष्मा कुणाचा असं विचारलं. मी म्हटलं, जिला यायचंय तिचा. ओट्यावर दोन उष्टे कप होते. मला लाज वाटली, पण घासले नाहीत. चहा घेता का असं विचारलं तर हो म्हणाल्या. तिसरा कप मी तुझ्यासाठी आणून ठेवला होता, त्यात दिला. तुझ्याआधी परक्या माणसानं वापरला, तेवढं मनावर घेऊ नकोस.

जाताना टॉवेलाला धक्का न लावता अंग चोरून गेल्या.

लोभ करतेच आहे. न बघता केलेला आहे, तेव्हा आल्यावर तक्रार चालणार नाही.

तुझी,
वन्सं

*

२० ऑक्टोबर

ती. वन्सं यांना,

शि. सा. न. वि. वि.

व्हिसा मिळाला हे तुम्हाला फोनवर यांनी सांगितलंच. तुम्ही बरं झालं म्हणालात आणि फोन ठेवलात. मग पाच मिनिटांनी तुम्हीच फोन केलात आणि काही बोलला नाहीत. हे म्हणाले, ताईनं आपणहून फोन केला हे पहिल्यांदाच.

हे मला न्यायला इकडे आले, आणि शेवटच्या मुलाखतीला आम्ही दोघं बसलो. त्यांनी विचारलं, नवऱ्याची वाईट सवय कोणती. मी सांगायला लागले आणि त्यांनी मला थांबवलं, बाकीचे लोक वाट बघत होते.

आज आम्ही इथली जागा रिकामी केली. सामान थोडं विकलं, थोडं वाटलं. भिंती पुसल्या, फरशी पुसली. मालक बघायला आले. त्यांनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि म्हणाले, इथे कुणी राहिलं होतं असं वाटतच नाही. ते आमचं कौतुक करत होते. यांनी हसून आभार मानले. मी जिन्यात जाऊन बसले. वन्सं, या गावात मी जन्मले. माझे आईवडील इथेच गेले. आता या गावात माझी एकही खूण नाही. मी जे मागितलं तेच मला मिळालं आहे, आणि तरी मी जिन्यात बसून रडले. यांना सांगितलं की पायऱ्या मोजत होते.

त्या वेळी मला तुमची आठवण आली. तुम्हाला मी पाहिलेलं नाही, तरी आली. तिकडे आले की मी कुठे बसायचं, काय करायचं, मला काही माहीत नाही. तुम्ही सांगा.

लोभ कमी करू नका, आता तोच पत्ता आहे.

तुमची,
चष्मेवाली

*

मंगळवार, सकाळी

चि. सौ. चष्मेवालीस,

अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही. टेबलावर ठेवून कामावर जाते. तू आलीस की आधी हे वाच, ठोंब्या सामान आत घेईल.

मी दारात नाही म्हणून रागावू नकोस. रजा मिळत होती, मीच घेतली नाही. घरी बसून तुमची वाट बघितली असती तर हात गप्प राहिले नसते, आणि तुम्ही येईपर्यंत या घराचं पुन्हा हॉटेल झालं असतं. किल्ली शेजारणीकडे दिलीय ती मिळालीच असेल, त्याशिवाय हे वाचत नसतीस. संध्याकाळी येते. माझ्याशी काय बोलायचं याची काळजी करू नकोस, मलाही तीच आहे.

ठोंब्या तुला आणायला निघाला त्या दिवशी टॉवेल दारावर टाकून गेला. पहिली संध्याकाळ फार वाईट गेली. पुन्हा एक कप, पुन्हा ओट्याशी जेवण. टॉवेल काढायला उठले आणि परत बसले. तो तसाच आहे, वाळून पापड झालाय. आता तुम्ही दोघं मिळून त्याचं काय ते बघा.

तू जिन्यात बसल्याचं लिहिलंस. कुणी राहिलं होतं असं वाटत नाही, ही आमच्या कामात मोठी शाबासकी असते. मी ती जन्मभर मिळवली. माणसाला ती कुणी देऊ नये, हे मला उशिरा कळलं. तुझ्या तिकडच्या खुणा गेल्या त्या गेल्या. खोटी समजूत मी घालत नाही. ठोंब्याचं अक्षर मी घासून काढलं, तेही परत आणता येत नाही.

पण हे टेबल तेच आहे आणि आता अगदी कोरं आहे. खणात छोटा चाकू ठेवलाय. कुठे बसायचं असं विचारलंस ना, तर इथे बस आणि तुझं अक्षर कोर. कडेला नको, चांगलं मधोमध कोर. वाकडं आलं तरी चालेल. आई असती तर तुलाही मार बसला असता, म्हणजे तू घरची झाली असतीस.

पडदे तू सांगितलेल्या रंगाचेच आहेत. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. जेवा, आणि भांडी तशीच राहू द्या.

मग माझ्या खोलीत डोकावून ये. आज अंथरूण न आवरता निघालेय. चादर लोंबतेय, उशी खाली पडलीय, आणि ती पडलेली बघूनही मी दार ओढून घेतलं. मी तिथे झोपते.

कळावे. लोभ असावा, आणि तो आवरून ठेवू नये.

तुझी,
वन्सं